आपल्या मनाकडे नको, वधस्तंभाकडे पाहा

प्रिय बाळ,

सलाम. तुझा लांबलचक मेसेज वाचला. येशूच्या मरणाची आठवण म्हणून मंडळीत आपण भाकर खातो, त्या प्रभुभोजनाचं ताट तुझ्यापर्यंत आलं की भाकरीचा तुकडा न उचलता तू ते शेजारच्याकडे सरकवतोस, हे मी पाहत होते. कारण आता कळलं. प्रार्थनेत मन लागत नाही, सोडलेली पापं पुन्हा घडतात, म्हणून आपण लायक नाही असं तू ठरवून टाकलंस. वर प्रेषित पौलाला साक्षीला उभं केलंस, की अयोग्य प्रकारे भाकर खाणारा दोषी ठरतो.

अरे, तो अध्याय अख्खा वाच ना! करिंथच्या मंडळीला त्याने लिहिलेलं बायबलमधलं पहिलं पत्र, अकरावा अध्याय. पौल कोणावर चिडलाय तिथे? मंडळी जमली की ज्यांच्याकडे होतं ते आधीच जेवून घ्यायचे, कुणी पिऊन तर्र व्हायचा आणि गरीब भाऊ उपाशी राहायचा. त्यांना झापलंय त्याने. पापाची लाज वाटून मागच्या बाकावर अंग चोरून बसणाऱ्या पोराला नाही.

आणि येशूने शिष्यांना पहिल्यांदा ही भाकर दिली, त्या धरून नेण्याच्या रात्री मेजाभोवती कोण बसलं होतं? कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारणारा पेत्र, आणि गेथशेमाने बागेतून जीव घेऊन पळणारे बाकीचे. प्रभूला सगळं ठाऊक होतं, त्याने ते त्यांना तोंडावर सांगितलंही. तरी भाकर मोडून त्यांच्याच हातात दिली. रोमकरांच्या पत्रात पौल तेच लिहितो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. आपण सुधारेपर्यंत तो थांबला नाही. मग तू कशासाठी थांबलायस?

मनाकडे पाहू नकोस रे. मन आज भरून येईल, उद्या कोरडं पडेल. वधस्तंभाकडे पाहा. जे झालं ते तिथे झालं, तुझ्या मनात नाही.

पंडिता रमाबाईंना आपण फक्त शिक्षणासाठी आठवतो, याचा मला राग येतो. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढी विदुषी, शास्त्र कोळून प्यायलेली. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ लिहिलं, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. धर्म पाळणं आणि ज्याने आपल्यासाठी जीव दिला त्याच्यावर भार टाकणं, यातलं अंतर त्या बाईंनाही तोडावं लागलं. एकदा भार टाकला तो टाकलाच. 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, तरी केडगावला बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. मुलगी गेल्यावर त्यांचं मन काय उड्या मारत असेल?

आमच्या मंडळीत काहीजण मला म्हणतात, बाई, पोरांना एवढी मोकळीक सांगू नका, मोकाट सुटतील. मी ऐकत नाही, आणि ऐकणारही नाही. माझे वडील जन्मभर उपासना न चुकवणारे. शेवटच्या आजारात रात्र रात्र एकच विचारायचे, "देव मला घेईल ना गं?" भीतीने देवाची सेवा केलेला माणूस मी जवळून पाहिलाय. ती सल अजून गेली नाही. म्हणून पोरांना दुसरं काही आलं नाही तरी चालेल, पण हे आलंच पाहिजे असा माझा हट्ट आहे. वधस्तंभाकडे पाहा!

आणि मोकाट म्हणे. पेत्र सुटला का मोकाट? मरणातून उठल्यावर तिबिर्याच्या सरोवराकाठी प्रभूने कोळशाचा विस्तव केला होता, त्यावर मासळी, शेजारी भाकर. रात्रभर जाळी ओढून दमलेल्यांना आधी न्याहारी करा म्हणाला. नाकारलंस का, हा प्रश्नच नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच तीनदा विचारलं, आणि प्रत्येक वेळी आपली मेंढरं त्याच्या हवाली केली.

गुरुवारच्या घरप्रार्थनेनंतर थांब. योहानाच्या शुभवर्तमानाचे अध्याय तेरा ते एकवीस वाचून ये. वाद घालायचा असेल तर पोटभर घाल, चहा मी करीन. फक्त आपल्या नालायकीची तीच यादी पुन्हा वाचून दाखवू नकोस, मी ऐकून घेणार नाही.

तुझ्या बाई