रकाना रिकामा ठेवू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. चीनमधल्या विद्यापीठाने दिलेलं बिनपगारी मानद पद इथे अमेरिकेत संशोधनाच्या अनुदानाच्या अर्जात दाखवायचं का? तुझे गाइड म्हणतात, पैसा नाही तर लिहायचं कशाला. लिही. सगळं लिही.

लीबर प्रकरणाने तू धसकली आहेस, पण ते नीट वाच. हार्वर्डच्या त्या रसायनशास्त्रज्ञावर हेरगिरीचा आरोपच नव्हता. वुहानशी असलेल्या संबंधांबद्दल सरकारशी खोटं बोलला, तिथली कमाई करात लपवली, म्हणून डिसेंबर 2021 मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. वुहानला जाणं हा गुन्हा नव्हता.

निर्दोष माणसंही भरडली जातात, मान्य. टेनेसी विद्यापीठाचे प्राध्यापक अनमिंग हू अशाच खटल्यातून सप्टेंबर 2021 मध्ये निर्दोष सुटले, एमआयटीच्या गँग चेन यांच्यावरचे आरोप जानेवारी 2022 मध्ये सरकारनेच मागे घेतले, पुढच्याच महिन्यात असे खटले ज्याखाली भरले जायचे ते सरकारचं ‘चायना इनिशिएटिव्ह’ गुंडाळलं. म्हणूनच सांगतोय, सुपात आहेस तोवर लिही.

माझ्या ड्रॉवरमध्ये 2012 सालचा व्हिजिटिंग कार्डांचा डबा आहे. एका बाजूला इंग्रजी, दुसरीकडे चिनी, ‘अतिथी प्राध्यापक’. ते पद मी अर्जात कधी दाखवलं नाही. तेव्हा कुणी विचारत नसे. खरं तर रकाना तेव्हाही होता. सात वर्षांनी विद्यापीठाच्या ऑफिसने तिकडच्या वेबसाइटवरच्या माझ्या फोटोचा प्रिंटआउट टेबलावर ठेवला. माझी नोकरी पक्की होती, मला काही झालं नाही. अनुदान मात्र आठ महिने अडकलं, आणि ज्याचा पगार त्यावर चालायचा तो पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, पुण्याला परत गेला. मी एक पैसा घेतला नव्हता गं, तिकीट आणि जेवणखाण तेवढं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की सुरुवात केली की तुझी काकू उठून आत जाते.

आता तर 2022 च्या चिप्स अँड सायन्स कायद्यामुळे चीन, रशिया, इराण, उत्तर कोरियाच्या घातक ‘टॅलेंट प्रोग्रॅम’मध्ये, म्हणजे परदेशी संशोधकांना ओढून घेणाऱ्या योजनांमध्ये, आपण नाही, असं सही करून द्यावं लागतं. तुझं पद त्यात बसतं का, हे एकटीने ठरवू नकोस. गाइडने तर नाहीच नाही! विद्यापीठाच्या रिसर्च सिक्युरिटीवाल्यांना, म्हणजे परदेशी संबंध तपासणाऱ्या ऑफिसला, विचार आणि उत्तर लेखी घे. फोनवरचं ‘काही हरकत नाही’ उद्या कुणाला आठवत नाही.

करारपत्र चिनीत असेल तर आधी भाषांतर करून घे. माझं चार पानी होतं. मी सहीची जागा तेवढी बघितली होती.

काका