डग्गा कुठं गेला?

प्रश्न : मी तबला शिकवतो. ऑनलाइन शिकवणीला आणि रेकॉर्डिंग तपासायला बंद कपाचा स्टुडिओ हेडफोन वापरतो. पॅडच्या रेक्झिनचे पापुद्रे सुटून काळे कण कानाला चिकटायला लागले, म्हणून जाड मखमली पॅड मागवून बसवले. कान सुखावले, पण डग्ग्याचा घुमारा पातळ झाला आणि चाटीवरचा ‘ना’ टोचायला लागला. मित्र म्हणतो, मनाचे खेळ आहेत. आतला स्पीकर तोच, तर आवाजही तोच. खरं काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : मित्राला हा अंक वाचायला द्या. स्पीकर तोच आहे, पण तो ज्या हवेला ढकलतो ती आता बंदिस्त राहिलेली नाही.

बंद हेडफोन घातला की कानाभोवती एक छोटी कोठडी तयार होते आणि पॅड म्हणजे तिच्या भिंती. १०० हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. ती त्या कोठडीत मावणार कुठून? तिथं स्पीकरचा पडदा पुढंमागं झाला की सगळ्या कोठडीतला दाब एकदम वरखाली होतो. तुम्ही ज्याला घुमारा म्हणता तो हाच दाब. रेक्झीन हवा अडवतं, मखमल आणि तिच्याखालचा स्पंज ती झिरपू देतात. कुकरची रिंग सैल झाल्यासारखंच आहे हे, दाब धरतच नाही. वरच्या स्वरांना याची झळ कमी लागते, कारण ते इतक्या भरभर बदलतात की झिरपवाटेतल्या हवेला हलायला सवड मिळत नाही. म्हणून ‘धा’ वाजला की त्यातला डग्ग्याचा ‘गे’ हरवतो आणि चाटीवरचा ‘ना’ उरतो.

टोचण्याची कारणं दोन. एक साधं : खालचा आवाज कमी पडला की आपण नकळत व्हॉल्यूम वाढवतो. दुसरं जाडीचं. ८ किलोहर्ट्झची लहर जेमतेम सव्वाचार सेंटिमीटरची, म्हणजे साधारण कपाच्याच मापाची. कान पडद्यापासून चार-पाच मिलिमीटर लांब गेला तरी कुठला स्वर उठून दिसणार आणि कुठला दबणार, हे बदलतं. पॅडच्या आतल्या कडेला मखमल असेल तर ती थोडी झळाळी शोषूनही घेते. त्यामुळे ‘जाड पॅड म्हणजे मोकळा आवाज’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्यावर मी विश्वास ठेवत नाही. ‘बास वाढवणारे पॅड’ म्हणून विकले जातात त्यांचं तर मला हसू येतं. बहुतेक वेळा जुने पॅड इतके चेपलेले असतात की नवे कुठलेही नीट बसले तरी बास परत येतो.

घरच्या घरी खात्री करा. मोबाइलवर टोन जनरेटर घेऊन ५० हर्ट्झचा स्वर हळू आवाजात लावा आणि तळहातांनी कप अलगद कानावर दाबा. स्वर ठळकपणे भरला तर गळती आहे, वाद मिटला. नंतर एका बाजूला जुना पॅड, दुसऱ्या बाजूला नवा लावून मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज ठेवून, एखादा रेला ऐका, मग पॅडची अदलाबदल करा. आपले दोन कान सारखे नसतात, म्हणून ही अदलाबदल टाळू नका. चष्मा असेल तर काढून ऐका. काडीखालची फटसुद्धा डग्गा खाते.

पॅड काढले आहेतच तर स्पीकरभोवतीच्या जाळीकडेही बघा. काही हेडफोनांत तिथं बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. नव्या पॅडची रुंद किनार ती झाकत असेल तर आवाज वेगळ्याच दिशेनं बिघडतो.

मुद्दाम पॅड बदलून आवाज घडवणारे हौशी जुने आहेत. सेनहायझरचा एचडी ४१४ हा १९६८ चा उघडा हेडफोन पिवळ्या स्पंजाच्या पॅडसाठी ओळखला जातो. अमेरिकेत लोक तेच पॅड ग्रॅडोच्या हेडफोनवर चढवायचे, मधोमध क्वार्टर नाण्याएवढं भोक पाडून. पण ती आवडीनिवडीची गंमत. तुम्हाला विद्यार्थ्याच्या डग्ग्याची मींड तपासायची आहे. तेव्हा मूळच्याच मापाचे, जाडीचे, रेक्झिनचे पॅड घ्या. कोकणच्या दमटपणात रेक्झीन पुन्हा सुटणार, हे धरूनच चाला. हेडफोन खुंटीला न टांगता सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा आणि वापरल्यावर घाम, तेल पुसा. मखमल फक्त शिकवणीपुरती ठेवलीत तर हरकत नाही.

प्रश्न : आईनं जुन्या सुती साडीच्या खोळी शिवून दिल्यात. पॅडवर घातल्या तर चालतील?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चालतील, पण मधलं भोक उघडं ठेवायला सांगा. स्पीकरसमोर झिरझिरीत कापडाचा एक पदर आला तर फारसं बिघडत नाही. जाड साडीचे दोन पदर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, मारतात. इलॅस्टिक घट्ट हवं. सुरकुती पडली की तिथून गळती सुरू.

प्रश्न : नॉइज कॅन्सलिंग हेडफोनला स्वस्तातले पॅड लावल्यापासून एसटीची घरघर जास्त ऐकू येते. यंत्रणा बिघडली का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : बहुधा नाही. कपाच्या आतला माइक घरघर ऐकतो आणि यंत्रणा तिच्या उलटा आवाज सोडते, पण हा हिशेब मूळ पॅडच्या घट्ट बसण्यावर बेतलेला असतो. तुमच्या पॅडखालून इंजिनचा खालचा आवाज आत येतोय आणि उलटा आवाज बाहेर जातोय. जुने पॅड टाकले नसतील तर ते लावून एक फेरी करा. दुकानात जायचं की नाही ते मग ठरवा.