शीर काळी की करडी?

प्रश्न : बाबा ६४ वर्षांचे, गुदाशयाचा कर्करोग. एमआरआयच्या रिपोर्टात ‘ईएमव्हीआय पॉझिटिव्ह’ आलंय. म्हणजे पसरलाच का? सर्जन ऑपरेशनआधी केमो-रेडिएशन म्हणतात. आईला वाटतं, उगाच वेळ दवडताहेत.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ‘पसरलाच’ असं त्यात कुठेही नाही. ईएमव्हीआय पॉझिटिव्ह म्हणजे गाठ गुदाशयाच्या भिंतीबाहेरच्या शिरेत शिरली आहे, एवढंच. ठाण्यात नौपाड्यातल्या अंधाऱ्या खोलीत मी, रेडिओलॉजिस्ट, रोज हेच बघत बसतो. एमआरआयच्या ‘टी-टू’ प्रकारच्या चित्रात चरबी पांढुरकी आणि वाहत्या रक्ताची शीर काळीभोर दिसते. आत गाठ शिरली की ती रेघ करडी होते, फुगते, कडा वेड्यावाकड्या होतात. आम्ही ० ते ४ गुण देतो. ३ आणि ४ म्हणजे पॉझिटिव्ह.

या शिरेची वाट बघा. गुदाशयाच्या वरच्या भागाचं रक्त यकृताकडे जातं, अगदी खालच्या भागाचं बरंचसं हृदयामार्गे फुप्फुसांत. म्हणून तिथे पसरण्याचा धोका वाढतो. छाती-पोटाचा सीटी झालाय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आईंना सांगा, ऑपरेशनने गाठ निघते. रक्तातून पेशी निसटल्या असतील, तर त्यांच्यापर्यंत सुरी पोचत नाही, केमो पोचते. नंतर पुन्हा एमआरआय होईल. शीर बारीक, व्रणासारखी काळी झाली तर उत्तम. त्या वेळी आताच्या एमआरआयची सीडी तुलनेसाठी न्याच. व्हॉट्सॲपवरच्या फिल्मच्या फोटोत (त्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब असतंच!) करडं-काळं मलाही कळत नाही.