फुकट आहे, तरी लोक गेम का टाकत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघा मित्रांनी नोकरी सांभाळून वर्षभरात एक मोबाइल गेम बनवला, किंमत शून्य ठेवली, तरी प्ले स्टोअरच्या पानापर्यंत आलेली माणसं इन्स्टॉल न करताच परत जातात. मग खेळणाऱ्याला एखादा मोफत गेम टाकावासा वाटतो तो कशामुळे? आणि जाहिरातीवर पन्नासेक हजार घालावेत का?

मी पुण्यात एका लहानशा स्टुडिओत काम करतो. गेम बनवणारे दुसरे. तो लोकांच्या फोनात जाईल कसा, हे बघणं माझ्याकडे. आमचा मेंढीकोटचा, म्हणजे दश्श्या पकडायच्या पत्त्यांच्या खेळाचा, गेम आपटला तेव्हा हाच प्रश्न मी भेटेल त्याला विचारत फिरत होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'फुकट' हे डोक्यातून काढा. २०११ मध्ये टेंपल रन आला तो ९९ सेंटला. थोड्याच दिवसांत तो मोफत केला आणि मग तो धो धो चालला. तेव्हा मोफत ही बातमी होती. आज स्टोअरमधले बहुतेक सगळेच गेम मोफत आहेत. तुमचाही आहे असं सांगणं म्हणजे वडापावच्या गाडीवर 'सोबत चटणी मिळेल' अशी पाटी लावणं. शिवाय लोक शहाणे झालेत. आत गेल्यावर पैसे मागणाऱ्या गेमना 'फ्री' म्हणायचं कसं, यावर २०१४ मध्ये युरोपात बरीच ओरड झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲपलने बटणावरचा 'फ्री' शब्द काढून तिथे 'गेट' आणला. गूगलने तर २०२१ पासून ॲपच्या नावातच 'फ्री', 'नंबर वन' असलं काही घालायला मनाई केली. म्हणजे ज्या शब्दावर तुमची भिस्त आहे, तो नावात घालायलाही परवानगी नाही.

खेळणाऱ्याला काय मोजावं लागतं ते मला कळलं सांगलीत, मावशीच्या घरी.

मावशी म्हणजे मेंढीकोटातलं मोठं प्रस्थ. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी सतरंजी टाकून बसली की दोन-तीन हात झाल्याझाल्या कुणाकडे कुठली दश्शी आहे ते सांगायची. यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? मी म्हटलं, "मावशी, तुझ्याच फोनवर तूच टाक. मी काही सांगणार नाही." तिने माइकचं चिन्ह दाबून "मेंढीकोट" म्हटलं. यादी आली. आमचा गेम तिसरा होता आणि ती त्याच्यावरून सरळ पुढे गेली. न राहवून मी बोट दाखवलं.

"हे होय? मला वाटलं शेळ्या-मेंढ्या पाळायचं काहीतरी आहे."

आमच्या चित्रकाराने आयकॉनवर झोकदार शिंगांचा मेंढा काढला होता. ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली होती.

मग ती पानावर आली. 'इन-ॲप खरेदी' ही बारीक ओळ दिसल्यावर चष्मा सारखा केला. "यात पैसे लावायचे नाहीत ना रे? शेजारच्यांचा मुलगा त्या रमीत बुडालाय." नाही म्हटलं. "मग ओटीपी वगैरे?" तेही नाही. शेवटी तिने बटण दाबलं, तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. आमचा गेम १४० एमबीचा. फोनात सुप्रभातची फुलं, वारीचे व्हिडिओ, नातवाच्या बारशाचे एकाच कोनातले चाळीस फोटो. मी म्हटलं, यातलं थोडं उडवू या. "ते राहू दे," ती म्हणाली, "तुझं पुढच्या वेळी टाकू." आणि चहा ठेवायला उठली.

परतताना स्वारगेटच्या एसटीत मी वहीत तीन शब्द लिहिले: मेंढा, रमी, सुप्रभात.

सुप्रभातचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यात सोपं. गूगल प्लेच्या मंडळींनी २०१७ मध्ये स्वतःच्याच आकड्यांवरून मांडलं होतं की गेमची फाइल दर ६ एमबीने वाढली की इन्स्टॉलचं प्रमाण साधारण १ टक्क्याने घसरतं. भारतासारख्या देशांत हा फटका अधिक बसतो. जिओ येऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. डेटा स्वस्त झाला, पण फोनमधली जागा काही त्या वेगाने वाढली नाही. ती आपण व्हॉट्सॲपला देऊन टाकली. आम्ही मग बारा तऱ्हांची पानांची पाठ, सनईचं संगीत, वाड्याची पार्श्वभूमी असलं सगळं बाहेर काढलं. ज्याला हवं तो नंतर उतरवून घेईल. गेम ४५ एमबीवर आला. सनई गेली म्हणून आजवर एकानेही तक्रार केलेली नाही, हे आमच्या संगीतकाराला मी सांगितलेलं नाही.

रमीचं प्रकरण जरा खोल आहे. पत्त्यांचा कुठलाही गेम दिसला की आपल्याकडे घरातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात चूक काही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला. पण त्याआधीची काही वर्षं क्रिकेटच्या मॅचमध्ये, बसच्या पाठीवर, जिथे तिथे त्याच जाहिराती होत्या. ती भीती कायद्याने एका रात्रीत जात नाही. प्ले स्टोअर तुम्हाला छोट्या वर्णनासाठी ८० अक्षरं देतं. आम्ही तिथे आधी 'भारतातला सर्वात रोमांचक पत्त्यांचा अनुभव' असं काहीतरी खरडलं होतं. ते काढून 'पैसे लावायचे नाहीत. नेट नसलं तरी चालतो.' एवढंच ठेवलं. तुमचा गेम पत्त्यांचा नसेल, तरी बघणाऱ्याच्या मनात एक भीती असतेच: लहान मुलाच्या हातात फोन असताना पैसे कापले जातील का, भलत्या जाहिराती दिसतील का, नंबर जाईल का. ती कोणती ते शोधा आणि त्या ८० अक्षरांत तिचंच उत्तर द्या.

याच्याच पोटातली एक चूक आम्ही केली होती. पूर्वी अँड्रॉइडमध्ये सगळ्या परवानग्यांची यादी इन्स्टॉल करतानाच समोर यायची. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ती वेळ आल्यावर एकेक विचारता येते. आमचा गेम मात्र उघडल्याउघडल्या कॉन्टॅक्ट मागायचा. पत्ते खेळायला माझे नंबर कशाला हवेत, असं एका रिव्ह्यूत लिहिलेलं होतं, वर एक तारा. असे चार रिव्ह्यू पानाच्या वरच्या बाजूला बसले की पुढचा माणूस बटणापर्यंत येतच नाही. आणि २०२१ पासून प्ले स्टोअर त्या-त्या देशातलं रेटिंग दाखवतं, त्यामुळे परदेशातल्या चांगल्या ताऱ्यांनी इथली अब्रू झाकली जात नाही.

मेंढ्याबद्दल फार लिहीत नाही. आयकॉनचं काम एकच, हा कसला गेम आहे ते अर्ध्या सेकंदात कळवणं. चार दश्श्या पंख्यासारख्या धरलेला हात, एवढंच आता आमच्या आयकॉनवर आहे. (तो तोंड वासून ओरडणारा चेहरा तेवढा टाळा. क्लॅश ऑफ क्लॅन्सने तो आणला तेव्हा ठीक होतं, पुढे निम्मं स्टोअर किंचाळायला लागलं.) स्क्रीनशॉटचंही तेच. आमचा पहिला स्क्रीनशॉट मेन्यूचा होता, दुसरा 'रोजचा बोनस'. आता पहिल्यात समोरच्याने टाकलेली बदामाची दश्शी आहे आणि तुमच्या हातात हुकमाची दुर्री. मेंढीकोट येणाऱ्याला त्यावर एक शब्द वाचावा लागत नाही. त्याचं बोट आपोआप दुर्रीकडे जातं. आणि हो, लोक शोधताना रोमन लिपीत लिहितात, तेही पाच तऱ्हांच्या स्पेलिंगांनी. उत्तरेकडचा माणूस तर असल्याच खेळाला 'दहला पकड' म्हणतो. ही सगळी नावं वर्णनात सहज वाक्यात येऊ द्या.

हे सगळं केल्यावर आमचे इन्स्टॉल वाढले. पण बेताचेच. खरा फरक कशाने पडला ते तीन महिन्यांनी कळलं, मावशीच्याच फोनमुळे.

"अरे, ते तुझं मेंढीकोट कसं टाकायचं रे? भिशीतल्या बाईंनी नंबर पाठवलाय, तिघी जणी खोळंबल्यात." मी म्हटलं, जागा? "जागा केली. फुलं सगळी काढली."

मधल्या काळात आम्ही एकच नवी गोष्ट घातली होती: खोली उघडायची, तिचा आकडा व्हॉट्सॲपवर पाठवायचा, बाकीचे तिघे येऊन बसतात. जे मला समोर बसून जमलं नाही, ते भिशीतल्या बाईंच्या एका मेसेजने झालं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. गेम टाकायचं बहुतेक वेळा स्टोअरच्या बाहेरच ठरतं, कुणीतरी बोलावतं म्हणून. स्टोअरचं पान ते ठरलेलं मोडू शकतं. ठरवू शकतं ते फार क्वचित.

लुडो किंग घ्या. नवी मुंबईच्या गेमशनने तो २०१६ मध्ये काढला. चित्रं साधी, आवाज साधे. पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये नाशिकची सून, ठाण्याची नणंद आणि दुबईतला दीर एका खोलीत येऊन एकमेकांच्या सोंगट्या मारत होते, आणि ज्याच्याकडे नेट नाही ते घर एकाच फोनभोवती बसत होतं. नियम शिकवायची गरज नाही, पाहुणा म्हणून आत जाता येतं, आणि बोलावणारी सख्खी नणंद. नाही कोण म्हणणार?

आणि मी वर जो ६ एमबीचा हिशोब सांगितला, तो पब्जीने पार धाब्यावर बसवला. तो गेम जीबीत मोजायचा. तरी पोरांनी त्याच्यासाठी फोन धुऊन काढले, काहींनी नवे घेतले, कारण कट्ट्यावरचे बाकीचे तिघे आधीच आत होते. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारने 'फौजी' (FAU-G) या देशी गेमची घोषणा केली. लाखोंनी नाव नोंदवलं. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला, लोकांनी हौसेने टाकलाही, पण तेव्हा त्यात एकट्यानेच लढायचं होतं. मित्रांबरोबर उतरायची सोयच नव्हती. रेटिंग धपकन खाली आलं. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने पब्जीचा भारतीय अवतार आला तेव्हा तीच टोळकी परत जमली.

तुम्ही म्हणाल, आमचा गेम एकट्याने खेळायचा आहे. चालेल की. फ्लॅपी बर्डही एकट्याचाच होता. व्हिएतनामच्या डाँग न्यूयेनने तो मे २०१३ मध्ये स्टोअरवर आणला, कित्येक महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि जानेवारी २०१४ मध्ये एकदम जगभर वेड लागलं. फेब्रुवारीत तर त्याने स्वतःच तो काढून टाकला. गेममध्ये काही बदललं म्हणून हे झालं नाही. "माझे अकरा झाले, तुझे किती?" हे सुरू झालं. एकट्याच्या खेळातही कुणाला तरी दाखवायला एक आकडा लागतो. लोकलमध्ये शेजारच्याच्या खांद्यावरून कँडी क्रश बघून तो स्वतःच्या फोनात टाकणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. तुमच्या गेमकडे असं तीन फुटांवरून कुणी पाहिलं, तर त्याला काय चाललंय ते कळेल का? आमच्या दुसऱ्या एका गेमचं कळत नव्हतं. तो आम्ही बंद केला.

आता पन्नास हजारांचं. जाहिरातीने इन्स्टॉल विकत मिळतात, खोट्या जाहिरातीने आणखी स्वस्तात मिळतात. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या त्या पिन ओढायच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. आतला गेम बहुतांशी वेगळाच असल्याने ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये त्यांतल्या दोन दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. त्या मोठ्या कंपनीला ते पचलं. तुमच्यामाझ्यासारख्याला फसलेल्या माणसाचा एक तारा पचत नाही. खेळणारा दुसऱ्याला बोलावू शकेल अशी सोय गेममध्ये येईपर्यंत ते पैसे बँकेतच ठेवा. आयकॉन आणि स्क्रीनशॉट बदलून बघायला पैसे लागत नाहीत. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानावर, दोन आयकॉन वेगवेगळ्या लोकांना दाखवून पडताळायची सोय फुकट आहे.

आणि त्याआधी, या रविवारी, फोन गच्च भरलेली चार माणसं घरी बोलवा. त्यांच्याच फोनवर त्यांनाच गेम शोधायला सांगा, चहा पाजा आणि तोंड अगदी बंद ठेवा. मला तेवढं जमलं नव्हतं; मी बोट दाखवून बसलो.