कानातलं पाणी, घशातल्या गाठी : पालकांच्या पत्रांना उत्तरं

थंडी पडली की नाशिकमधल्या नाक-कान-घशाच्या दवाखान्यांत लहान मुलांची रीघ लागते आणि या सदराकडे येणारी पत्रंही वाढतात. यंदा बऱ्याच पालकांनी औषधाच्या पुढे जाऊन विचारलंय, ‘मॅडम, यावर संशोधन काय सांगतं?’ मला हे मनापासून आवडलं. त्यामुळे या वेळी कुठला अभ्यास, किती मुलांवर झाला आणि त्यातून काय निघालं, तेही लिहिते.

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. दोन-अडीच महिन्यांपासून टीव्हीचा आवाज वाढवतो, हाक मारली की ‘काय?’ म्हणतो. शाळेतून बाईंनी चिठ्ठी दिली की वर्गात लक्ष नसतं. सासूबाई म्हणतात, लाडावलाय. एका डॉक्टरांनी कानात पाणी आहे म्हणून सर्दीचं औषध आणि स्टेरॉइडचं सिरप लिहून दिलं, दुसऱ्यांनी लगेच कानात नळी बसवायला सांगितलं. कोणाचं ऐकू? (एक आई, इंदिरानगर)

ताई, सगळ्यांत आधी घरात सांगून टाका की पोराचा काही दोष नाही. त्याला खरोखरच कमी ऐकू येत असणार.

नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नलिका जाते. कानात हवा खेळती ठेवणं हे तिचं काम. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, तिच्या तोंडाशीच ॲडेनॉइडची गाठ असते. सर्दीने नलिका बंद झाली की पडद्यामागे पाणी साठतं आणि पुढे ते डिंकासारखं घट्ट होतं. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप नाही. म्हणूनच महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. ऐकू येणं साधारण २५ ते ३० डेसिबलने कमी होतं. घरात जवळून बोललेलं कळतं, वर्गात मागच्या बाकावर बाईंचं बोलणं पुसट होतं.

दुर्बिणीतून पाहिलं तर निरोगी पडदा मोत्यासारखा करडा आणि चकचकीत दिसतो. पाणी असलं की तो निस्तेज, पिवळसर दिसतो, कधी मागे बुडबुडे दिसतात. टिम्पॅनोमेट्री नावाच्या तपासणीत चांगल्या कानाचा आलेख डोंगरासारखा वर चढून उतरतो, पाणी भरलेल्या कानाची रेघ सपाट येते. तो कागद मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतो.

आता औषधाचं. शाळेत जाण्याआधी दहातल्या नऊ मुलांना एकदा तरी हा त्रास होऊन जातो आणि बहुतेकांचा तीन महिन्यांत आपोआप बरा होतो. सर्दीच्या गोळ्या, नाक मोकळं करणारी औषधं, अँटिबायोटिक यांचा या पाण्यावर उपयोग नाही, हे आता अनेक अभ्यासांतून पक्कं झालंय. स्टेरॉइडबद्दल बरीच वर्षं आशा होती. ब्रिटनमध्ये २ ते ८ वर्षांच्या ३८९ मुलांना दोन गटांत वाटून एका गटाला सात दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधी द्रव्य दिलं. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पाच आठवड्यांनी औषधवाल्या गटात ४० टक्के मुलांना नीट ऐकू येत होतं, दुसऱ्या गटात ३३ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. माझ्या मते खरी बातमी तो ३३ चा आकडा आहे. काहीही औषध न घेता पाच आठवड्यांत तिसरा हिस्सा मुलं सुधारली होती.

वाट बघताना करण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, फुगा. नाकाने फुगवायचा खास फुगा मिळतो. एक नाकपुडी बोटाने बंद, दुसरीला फुग्याची नळी, तोंड मिटून फुंकायचं, मग बाजू बदलायची, असं दिवसातून तीनदा. ब्रिटनमध्येच ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर याचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. तीन महिन्यांनी फुगा फुगवणाऱ्यांपैकी सुमारे ५० टक्के मुलांची कानाची तपासणी सुधारली, न फुगवणाऱ्यांत ३८ टक्के. साडेपाच वर्षांच्या मुलाला जमतं, फक्त आईने रोज शेजारी बसायला हवं. सर्दीने नाक वाहत असताना नको.

तुम्ही आत्ता दोन तपासण्या करून घ्या, ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणारी) आणि टिम्पॅनोमेट्री. बाईंना भेटून त्याला पहिल्या बाकावर बसवा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते बंद, धुराने हा आजार रेंगाळतो. तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करा. तेव्हाही दोन्ही कानांत पाणी असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवायला घाबरू नका. छोटं ऑपरेशन आहे, पहिल्या सहा-नऊ महिन्यांत ऐकण्याला चांगली मदत होते आणि ती नळी साधारण सहा महिने ते दीड वर्षात स्वतःहून गळून पडते. ती असेपर्यंत रंगपंचमीला मुलाला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उतरवू नका, एवढं पथ्य नाशिककरांना सांगावंच लागतं.

टाळू फाटलेली मुलं, डाउन सिंड्रोमची मुलं आणि ज्यांचं बोलणं आधीच मागे आहे अशी मुलं, यांना तीन महिने थांबायचा नियम लागू नाही. त्यांनी लगेच तज्ज्ञाकडे जावं.

प्रश्न : मी सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला आहे. मुलगी आठ वर्षांची. वर्षातून तीन-चारदा घसा दुखतो, ताप येतो. एकाने सांगितलं, टॉन्सिल मोठे आहेत, काढून टाका. आई म्हणते, काढले की प्रतिकारशक्ती जाते. (एक वडील, सिन्नर)

दादा, १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये झालेली एक पाहणी मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते. शाळेतल्या १,००० मुलांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांचे काढायला सांगितले. ज्या २१५ मुलांना ‘गरज नाही’ म्हटलं होतं, ती दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली. त्यांनी त्यातले ९९ निवडले. राहिलेली ११६ पुन्हा दाखवली, पुन्हा ५१ जणांना ऑपरेशन सांगितलं. हजारात ६५ मुलं शिल्लक राहिली. डॉक्टर लबाड नव्हते. मोजायला काही पट्टी नव्हती, त्यामुळे घशात बघून जे वाटेल ते सांगितलं जायचं.

ती पट्टी पुढे अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांनी दिली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ऑपरेशनसाठी निकष असे होते : एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा घसा धरणं. तेही साधं दुखणं नाही. सोबत १०१ फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेला दुखऱ्या गाठी यांपैकी काहीतरी हवं आणि डॉक्टरांकडे नोंद हवी. इतका त्रास असलेल्या मुलांना ऑपरेशनचा फायदा दिसला. २००२ मध्ये याच गटाने कमी त्रासाच्या मुलांवरचा अभ्यास मांडला, त्यात फायदा इतका थोडा होता की ऑपरेशन करावं असं त्यांनाही वाटलं नाही.

तुमच्या मुलीचं हे तीन-चारदाचं दुखणं पहिल्यांदाच याच वर्षी झालं असेल, तर आत्ता काढू नका. घरातल्या कालनिर्णयवर प्रत्येक वेळची तारीख, ताप किती आणि शाळा किती दिवस बुडाली, एवढं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुठल्याही डॉक्टरसमोर तो कागद ठेवलात तर बोलणं वेगळंच होईल. हाच क्रम तिसऱ्या वर्षापर्यंत गेला, तर मात्र विचार करावा लागेल.

एक मात्र बघाच. ती रोज घोरते का? तोंड उघडं टाकून झोपते, मधेच श्वास अडकून दचकते, झोपेत घामाघूम होते? तसं असेल तर घसा किती वेळा दुखला हा हिशेब बाजूला ठेवा. झोपेत श्वास अडकणाऱ्या ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २०१३ मध्ये आला. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी ठीक झाली, नुसती वाट पाहिलेल्यांत ४६ टक्के. वागणं आणि रोजचं जगणंही सुधारलं. एकाग्रतेच्या चाचणीत मात्र दोन्ही गट सारखेच राहिले, म्हणून ‘टॉन्सिल काढा, मार्क वाढतील’ असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

आजींच्या शंकेबद्दल. नेहमीच्या व्यवहारात टॉन्सिल काढलेली मुलं सतत आजारी पडतात असं दिसत नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, त्यात टॉन्सिल काढलेल्यांना पुढे श्वसनाचे आजार जास्त आढळले. पण मुळात ज्यांना असले आजार होतात त्यांचेच टॉन्सिल काढले जातात, त्यामुळे दोष ऑपरेशनचा की प्रकृतीचा, हे त्यावरून ठरत नाही. गरज नसताना काढू नये, या आजींच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

प्रश्न : बाळाच्या कानात रोज कोमट तेल घालावं का? (एक आजी, पंचवटी)

नको. लसूण घालून उकळलेलं तर अजिबात नको. मळ आपोआप बाहेर येतो. मालिश करा, अंगाला भरपूर तेल लावा, कान आणि नाक सोडून.

प्रश्न : नात दहा महिन्यांची आहे. थाळी वाजवली की बघते, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. जन्मल्यावर आठ दिवस काचेच्या पेटीत होती. घरचे म्हणतात, हिचा बापही तीन वर्षांनी बोलला, थांबा. मी मोबाइलवर वाचलं की चीनमध्ये कानात औषध सोडून बहिरी मुलं ऐकू लागली. ते हिला मिळेल का? (एक आजोबा, निफाड तालुका)

काका, तुमचं पत्र वाचल्याबरोबर संपादकांकरवी निरोप पाठवला होता, एव्हाना मिळाला असेल. इथे सगळ्यांसाठी लिहिते, कारण ‘थांबा, बोलेल’ या दोन शब्दांपायी मुलांची मोलाची वर्षं जातात.

थाळीवर भरवसा नको. हात हललेला दिसतो, जमिनीतून धक्का जाणवतो. पेटीत राहिलेल्या बाळाची बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून नसेवाटे मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी, व्हायलाच हवी. डोक्याला चिकटपट्टीसारखे सेन्सर लावतात, बाळ झोपलेलं असतं, दुखत नाही. नुसती ओएई करून ‘पास’ लिहून दिलं तर थांबू नका. ओएई आतल्या कानाच्या पेशी तपासते. पेशी चांगल्या आणि पुढे नसेत बिघाड, असंही पेटीतल्या बाळांत होतं, ते बेरातच कळतं.

घाई कशासाठी, तर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत कमी ऐकू येणाऱ्या १५० मुलांचा अभ्यास झाला. ज्यांचं निदान सहा महिन्यांच्या आत होऊन लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे होती. आता जगभर धरलेला क्रम असा : पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार. नातीचे दहा महिने झालेत, म्हणून याच आठवड्यात जा. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला सांगा किंवा थेट नाशिकच्या सिव्हिलला जा. श्रवणयंत्राने भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशनने आतल्या कानात बसवायचं यंत्र, आहे. मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेत सगळी माहिती मिळते, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून खर्चाला मदतही होते.

चीनची बातमी खरी आहे. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा मुलांच्या कानात दुरुस्त जनुक सोडलं, पाच जणांना ऐकू येऊ लागलं. जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. वाचून माझे डोळे भरून आले होते. पण ते फक्त ओटोफर्लिन या एका जनुकातल्या दोषासाठी आहे आणि बहिरेपणाला कारण होणारी जनुकं शंभराहून जास्त आहेत. त्या आशेवर बेरा पुढे ढकलू नका.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. दोन वर्षांचा मुलगा हंगामात दिवसभर मणी खातो. परवा ठसका लागून काळानिळा पडला, पाठीत थोपटल्यावर मणी बाहेर आला. आता खायला द्यायचीच नाहीत का? (एक आई, दिंडोरी तालुका)

द्या, पण कापून. मण्याचे उभे चार तुकडे करा, आणि तेही पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत. मणी गुळगुळीत, मऊ आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेएवढाच असतो, तो घट्ट बसला की हवेला फटसुद्धा राहत नाही. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या डॉक्टरांनी पाच वर्षांपर्यंतच्या तीन मुलांच्या हकिकती छापल्या आहेत. तिघांच्याही घशात अख्खं द्राक्ष अडकलं होतं, दोघं दगावली. आपल्या जिल्ह्यात घरोघरी क्रेट भरलेले असतात, म्हणून शेडवर काम करणाऱ्या बायांनाही हे सांगा.

पुन्हा असं झालं आणि मुलाला खोकताही येत नसेल, तर डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात पाच थापा द्या. नाही निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्या (वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके देऊ नका, छातीच्या मधोमध दाबा). वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

शेंगदाण्याचंही सांगते. तो बहुधा पुढे सरकून एका बाजूच्या फुप्फुसात जातो. ठसका थांबतो, सगळे निवांत होतात, आणि मग आठवडाभराने न हटणारा खोकला सुरू होतो. शेंगदाणा साध्या एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळे खोकल्यासाठी मुलाला कुठेही दाखवलंत तरी ‘याला अमुक दिवशी खाताना ठसका लागला होता’ हे डॉक्टरांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगा.