फ्युजन ३६० या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये विमानाच्या मॉडेलवर पॅनल लाइन्स (पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक खाचा) स्वच्छ कशा काढायच्या? (एचएफ-२४ मारुत, १/७२, रेझिन प्रिंट)

तुम्ही लिहिलंय की साइड व्ह्यूवर ०.३ मिमीच्या पट्ट्या स्केच करून एक्सट्रूड कट मारला, तर धड फुगीर आहे तिथे लाइन खोल गेली, कंबरेपाशी गायब झाली आणि पोटाकडे जाड पट्टा उमटला. यात फ्युजनचा काही दोष नाही. कटची खोली मोजली जातेय स्केचच्या प्लेनवरून आणि तुम्हाला ती हवीय पत्र्यापासून, खोलीचा सगळा घोळ एवढ्यातच आहे. त्यात मारुत म्हणजे जर्मन डिझायनर कुर्ट टांकच्या टीमनं एरिया रूल (आवाजाच्या वेगाजवळ हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पंखांपाशी धड बारीक ठेवायचा नियम) धरून काढलेलं भारतीय लढाऊ विमान, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं, त्याच्या धडाला मधे चांगली कंबर आहे, म्हणजे पृष्ठभाग दोन्ही दिशांनी वळतो आणि सरळ कट तिथे फसणारच. एम्बॉस टूलही (स्केच पृष्ठभागावर गुंडाळून उमटवणारं) अशा जागी कधी लाइन ओढूनताणून बसवतं तर कधी सरळ एरर देतं, त्याच्या नादी लागू नका.

मी खाच थेट मॉडेलमध्ये कोरतच नाही. खाचेच्या आकाराची पाती वेगळी बनवायची आणि अगदी शेवटी वजा करायची. स्केचमध्ये पट्ट्या नकोत, नुसत्या एकेरी रेषा काढा. सरफेस टॅबमध्ये जाऊन त्या एक्सट्रूड करा, शीट धडाच्या आरपार जाऊन दोन्हीकडे तीन-चार मिमी बाहेर आलं पाहिजे. मग थिकन (शीटला जाडी देणारी कमांड), सिमेट्रिक, एकूण जाडी ०.२ भरेल अशी (मेझर करून खात्री करा). आता धडाच्या बाहेरच्या फेसेसचा ०.१५ मिमी आत ऑफसेट सरफेस (समांतर पृष्ठभाग) काढा, त्या सरफेसनं सगळी पाती स्प्लिट बॉडीनं कापा आणि आतला तुकडा रिमूव्ह करा. उरलेली टोकं कम्बाइन-कटनं धडातून वजा केली की झालं, कंबर असो नाहीतर नाक, खोली सगळीकडे ०.१५ च मिळते. शिवाय पातं आरपार असल्यामुळे डावी-उजवी बाजू एकदमच होते, मिरर करत बसायला नको.

पंखाला मात्र हे जसंच्या तसं लावू नका. मागची कड इतकी पातळ असते की वरचा आणि खालचा ऑफसेट आत एकमेकांना भिडतात आणि कमांड फेल जाते. तिथे वरचा फेस वेगळा, खालचा वेगळा, दोन वेळा करायचं.

आता पोटाखालचा जाड पट्टा. खोली सुटली तरी हा प्रॉब्लेम राहतोच, कारण तो पात्याच्या कोनाचा आहे. गाजर तिरकं कापलं की चकती लांबट निघते, तसंच पातं पृष्ठभागात तिरकं घुसलं की खाच रुंद होते. हिशोब सोपा आहे, पात्याची जाडी भागिले कोनाची कोसाइन, म्हणजे पृष्ठभागाच्या काटकोनापासून पातं ६० अंश कललं असेल तर ०.२ ची खाच ०.४ होते. म्हणून धडाला आडव्या वेढणाऱ्या लाइन्स, फ्रेमच्या जागच्या, साइड व्ह्यूमधून बिनधास्त काढा, त्या जवळपास सगळीकडे काटकोनातच घुसतात. लांबीच्या दिशेच्या लाइन्स मात्र जागा बघून काढा, कुशीतल्या साइड व्ह्यूमधून, पाठीवरच्या आणि पोटावरच्या टॉप व्ह्यूमधून, आणि मधल्या ज्या आहेत त्यांच्यासाठी ४५ अंशाचं कन्स्ट्रक्शन प्लेन टाका. कंटाळवाणं काम आहे पण स्वच्छ लाइन आणि बेढब लाइन यातला निम्मा फरक इथेच पडतो.

कॅनॉपीची कड किंवा इंजिनाच्या हवेच्या तोंडाभोवतीची लाइन अशी थ्रीडीमध्ये फिरणारी असेल तर पातं विसरा. स्प्लिट फेस करून तिथे एज तयार करा आणि त्यावर पाइप टूल चालवा, गोल सेक्शन, ०.३ मिमी व्यास, न्यू बॉडी, म्हणजे खोली साधारण ०.१५ येते आणि बाकीच्या लाइन्सशी जुळते. चौकोनी सेक्शन घेऊ नका, वळणावर तो पिळला जातो, गोलाला पिळल्यानं काही फरक पडत नाही. झाकणांचे कोपरे टोकदार असतील तर पाइप अडकतो, तेव्हा स्केचमध्येच ०.५ चा फिलेट द्या, खऱ्या विमानातही झाकणांचे कोपरे बहुतेक गोलसरच असतात.

दोन लाइन्स टी आकारात भिडतात तिथे एक पातं दुसऱ्याच्या बरोब्बर कडेला संपवू नका, अर्ध्या जाडीपर्यंत आत घुसू द्या आणि सगळी पाती आधी एकमेकांत जॉइन करून मग एकदाच कट मारा, नाहीतर केसासारखे सूक्ष्म फेस उरतात आणि पुढे मेश (प्रिंटसाठी बनणारी त्रिकोणांची जाळी) बिघडतो. फिलेट, पंख-धडाचा सांधा, आतून पोकळ करणं हे सगळं पॅनल लाइन्सच्या आधी उरकून घ्या, खाचा पडल्यावर शेल कमांड बहुतेक वेळा रुसते.

रुंदीबद्दल माझं ठाम मत आहे, १/७२ ला ०.३ फार होतं. ०.२ सुद्धा खऱ्या मापात १४.४ मिमी होतात, जवळजवळ दीड सेंटीमीटरची फट! पत्र्याच्या सांध्यांना ०.१५ ते ०.२ पुरे. एलेरॉन, फ्लॅप, रडर यांना खरोखरच फट असते, तिथे ०.३ ते ०.४ द्या आणि खोलीही वाढवा, सगळ्या लाइन्स एकाच जाडीच्या असल्या की मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. ही मापं चेंज पॅरामीटर्समध्ये नावानं टाकून ठेवा, उद्या १/४८ करावंसं वाटलं तर दोन आकडे बदलून भागेल. हेच मॉडेल ०.४ नोझलच्या फिलामेंट प्रिंटरवर काढायचं असेल तर या मापांना अर्थ नाही, तिथे रुंदी अर्ध्या मिमीच्या आसपास न्यावी लागते.

एसटीएल (प्रिंटसाठीची फाइल) एक्सपोर्ट करताना रिफाइनमेंट हाय ठेवा, कमी ठेवलं तर वळणावरच्या खाचेला पैलू पडतात. आणि आख्खं विमान प्रिंटला लावण्याआधी कंबरेचा तीनेक सेंटीमीटरचा तुकडा कापून तेवढाच काढून बघा, त्यावर प्रायमरचे दोन पातळ हात मारा. लाइन बुजत असेल तर खोली ०.१५ वरून ०.२ करा, रुंदीला हात लावू नका.