एकसमान गतीत बल शून्य, मग पेडल कशाला?

प्रश्न असा आहे: वेग बदलत नसेल तर बल शून्य म्हणतात, मग सपाट रस्त्यावर सायकल एकाच वेगाने न्यायलाही पेडल का मारावं लागतं?

शून्य असतं ते असंतुलित बल, म्हणजे सगळी बलं एकमेकांतून वजा झाल्यावर उरणारं बल. हवेचा रोध आणि घर्षण सायकलला मागे खेचतात, पेडलमुळे तेवढंच बल पुढे मिळतं. पेडल थांबवलं की मागची ओढ तेवढी उरते आणि वेग कमी होतो.

बलं अशी बरोबरीत असली की वेग एकसमान राहतो, हे एकदा मोजून बघाच. त्यासाठी घरंगळणारी गोटी घेऊ नका. ती सपाटीवर मंदावत जाते, उतारावर वेग घेत जाते. त्यापेक्षा पाण्यातला बुडबुडा उत्तम. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप १ मीटर घ्या, आतला व्यास १० मिमीच्या आसपास. ५ मिमीपेक्षा अरुंद नळी उभी धरली तर पृष्ठताणामुळे बुडबुडा अडकूनच बसतो. पाइप गुंडाळीतला असतो, म्हणून गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लाकडी पट्टीला बांधा. बाक राहिला तर तिथे उतार बदलतो आणि बुडबुड्याचा वेगही. पाणी भरून २-३ सेंमीचा एकच बुडबुडा ठेवा, दोन्ही टोकांना बूच लावा. शेजारी मोजपट्टी चिकटवा, एक टोक उचला आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. हाताने घड्याळ दाबण्यात ०.२ सेकंद सहज चुकतात. व्हिडिओच्या दोन चौकटींत साधारण १/३० सेकंदच असतो. सुरुवातीचे १० सेंमी सोडून द्या.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. समजा २०, ४०, ६०, ८० सेंमीच्या खुणा १.२, ३.२, ५.२, ७.२ सेकंदांना ओलांडल्या. अंतर भागिले वेळ केलं तर १६.७, १२.५, ११.५, ११.१ येतं आणि वाटतं, बुडबुडा मंदावतोय. तसं नाही. घड्याळ सुरू झालं तेव्हा तो ८ सेंमीवर होता, इतकंच. फरकाला फरकाने भागा: दर वेळी २० सेंमीला २ सेकंद, म्हणजे १० सेंमी/से. अंतर-वेळ आलेख सरळ रेषा आहे, फक्त आरंभबिंदूतून जात नाही; वेग म्हणजे तिचा चढ.

प्लावक बलाचा (पाणी बुडबुड्याला वर उचलतं त्या बलाचा) नळीच्या दिशेचा घटक बुडबुड्याला वर ढकलतो, पाण्याचा रोध अडवतो. रोध वेगाबरोबर वाढतो, म्हणून दोन्ही लवकरच बरोबरीला येतात आणि सायकलसारखाच वेग एकसमान राहतो.

कोन बदलूनही बघा. साधारण ४५ अंशांपर्यंत वेग वाढतो, मग उभ्या नळीत परत कमी होतो. तिरप्या नळीत बुडबुडा वरच्या बाजूला चिकटून जातो आणि पाण्याला खालून वाट मिळते. उभ्या नळीत ते बुडबुड्याभोवतीच्या पातळ थरातूनच खाली उतरतं. रेषा मात्र प्रत्येक कोनाला सरळच येते.